घरगाडीच्या चाकांची बुचं

आम्ही पुण्याहून निघालो तेव्हा पहाट होती आणि गल्ली झोपेत होती, हे बरंच झालं. नाहीतर दोन म्हातारी माणसं जुन्या मिनीबसमध्ये गाद्या, स्टोव्ह, पाण्याची टाकी आणि लोणच्याची बरणी भरून निघालीत, आणि वर बाई गाडी चालवतेय, हे बघायला सगळे दात घासायचे सोडून बाहेर आले असते.

मिनीबस आतून उचकटून तिचं घर ह्यांनीच केलं होतं. हे, म्हणजे माझे यजमान. जन्मभर कारखान्यात पत्रा ठोकून आकार देण्याचं काम केलं. निवृत्त झाल्यावर ही घरगाडी बांधायला घेतली, आणि ती बांधून होते न होते तोच उजव्या हाताला कंप सुटला. डॉक्टरांनी गाडी चालवायला साफ मनाई केली. मग मी शिकले. शिकवणाऱ्याने देवाचं नाव घेत घेत शिकवलं, पण शिकवलं. चालवणं माझ्याकडे आणि गाडी सांभाळणं ह्यांच्याकडे, अशी वाटणी झाली.

गाडीच्या चाकांवर ह्यांनी स्वतः ठोकलेली ॲल्युमिनियमची झाकणं होती. ताटासारखी गोल, मध्ये फुगीर आणि तोंड दिसेल इतकी चकचकीत. हात बिघडण्याआधीचं त्यांचं ते शेवटचं काम. मला विचाराल तर सगळा घोटाळा त्या झाकणांनीच केला होता. टायरमध्ये जिथून हवा भरतात तो व्हॉल्व्ह झाकणाच्या आत दडलेला. हवा बघायची तर बारीक स्क्रू काढा, झाकण उतरवा, हवा मोजा आणि पुन्हा सगळं बसवा. मागे जोडटायर. त्यांतला आतला बसला तरी बाहेरचा भार घेतो आणि वरून काही कळत नाही, म्हणून हवा रोज बघावीच लागे. ते काम ह्यांचं. त्यात मी हात घातलेला खपत नसे.

महाबळेश्वर, पोलादपूर, कशेडीचा घाट आणि दापोली करून दुसऱ्या दिवशी उन्हं कलताना हर्णैला उतरलो. समोर होड्या नांगरलेल्या आणि बैलगाड्या चाकं बुडेपर्यंत पाण्यात शिरून मासळीच्या टोपल्या आणत होत्या. पुळणीवर (वाळूच्या किनाऱ्यावर) लिलाव चालू होता. मला त्यातला एक आकडा कळेना. शेवटी एका बाईकडून बोंबील घेतले. तिने गाडीत डोकं घालून बघितलं.

"वैनी, ह्यातच ऱ्हाता तुमी?"

"हो."

"आनि बोंबील ह्यातच तळनार?"

"हो की."

"मग झोपनार कुठं?" असं म्हणून ती हसत निघून गेली. रात्री तिचं म्हणणं पटलं. गाद्यांना लागलेला तो वास पुढे पुण्यापर्यंत आमच्या सोबतीला होता.

सकाळी हे हवा बघायला बसले. बोटांत स्क्रू राहीना. एक वाळूत पडला, मग दुसरा. मी चहाची गाळणी घेऊन वाळू चाळत बसले. दोन्ही स्क्रू सापडले, पण उन्हं चढली आणि ह्यांच्या तोंडावरचा रंग उतरला. मी म्हटलं, "अहो, उद्यापासून स्क्रू मी काढते."

"मग मी गाडीत कशाला?" हे म्हणाले. "सामान म्हणून?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी चाकांना हात लावला नाही. हवा ठीक आहे, म्हणाले. बुरोंडीच्या उताराला गाडी मागून एका बाजूला ओढायला लागली आणि रबर जळल्याचा वास आला. मी कशीबशी कडेला घेतली. आतला टायर कधीचा बसलेला आणि सगळा भार सोसून बाहेरचाही फाटलेला. मागून एस.टी. आली. ड्रायव्हर उतरला, पाठोपाठ निम्मे उतारू उतरले आणि प्रत्येकाने एकेक सल्ला देत आमच्याकडची दोन्ही जादा चाकं चढवून दिली. जाताना ड्रायव्हर म्हणाला, "काका, झाकनाला भोक पाडा आनि नळी भायर काढा. सगळा त्रास मिटला."

सल्ला सोपा होता. गाडी चालू झाल्यावर हे म्हणाले, "भोक पाडताना पत्रा फाटला तर? दुसरं झाकण कोण करून देणार? माझ्याच्याने आता होत नाही."

"मग झाकणं काढून ठेवू या."

"त्यापेक्षा गाडीच विकू."

मला वाटलं, रागाने बोलतायत. पण रत्नागिरीत टायरच्या दुकानात नवे टायर आणि व्हॉल्व्हला जोडायच्या लांब पितळी नळ्या मी हट्टाने घ्यायला लावल्या, तेव्हा दुकानदार म्हणाला की भोकंही लगेच कटरने मारून देतो. हे तडक गाडीत जाऊन बसले. संध्याकाळी पोस्टात जाऊन त्यांनी पुण्याला ट्रंक कॉल लावला. ओळखीतले एक ट्रान्सपोर्टवाले गृहस्थ गाडीवर डोळा ठेवून होते. "या बघायला," हे ओरडून सांगत होते, कारण लाइनवर खरखर फार होती. "हो, देऊनच टाकायची आहे." सगळ्या रांगेने ऐकलं. मी तिकिटांच्या खिडकीकडे तोंड करून उभी राहिले. खोटं कशाला सांगू, मला रडू आलं. गाडीचं काय, लोखंड होतं ते. पण ती गेल्यावर हे सकाळी उठून काय करणार, ते मला दिसत होतं.

एवढं आलोच आहोत तर पूर्णगड बघून परत फिरायचं ठरलं. पावसच्या पुढे दोन्ही बाजूंना वाळल्या गवताचे कातळ (जांभ्याचे उघडे माळ) आणि मध्येच खाली आंब्याची कलमं. गावात पाखाडी (चिऱ्यांच्या पायऱ्यांची वाट) चढून किल्ल्यावर गेलो. किल्ला केवढा, तर हाक मारली की या टोकाची त्या टोकाला ऐकू जाईल. वरून एकीकडे समुद्र आणि दुसरीकडे खाडी दिसते. मी पुन्हा पुन्हा बघत होते. ह्यांचं लक्ष खाली पुळणीवर होतं. तिथे एक माणूस होडी दुरुस्त करत होता.

त्याचं नाव भिकाजी. होड्यांचा सुतार. आम्ही पोचलो तेव्हा त्याने होडीच्या तळातून एक लाकडी बूच उपसलं आणि आतलं पाणी वाळूत धो धो वाहून गेलं. ह्यांच्यातला कारागीर जागा झाला.

"हे भोक कशाला?"

"पाण्यासाठी. होडी वर ओढली की आतला पाणी भायर जायला नको?"

"म्हणजे नव्या होडीला तुम्ही मुद्दाम भोक पाडता?"

"मग? नायतर कुजंल ती."

हे भोक निरखायला वाकले. मी ती संधी साधली आणि झाकणांची सगळी कहाणी सांगून टाकली. ह्यांनी माझ्याकडे असं बघितलं की दुसरी कोणी असती तर थांबली असती. भिकाजी जवळच उभ्या असलेल्या गाडीपाशी आला आणि झाकणावरून त्याने तळवा फिरवला.

"हातचा काम हाय," तो म्हणाला.

"माझ्याच," हे म्हणाले.

भिकाजीने त्यांच्या हाताकडे बघितलं. "हात हलतो तुमचा."

आमचे नातेवाईक त्या हाताकडे बघून पटकन दुसरीकडे बघत. असं तोंडावर कोणी बोललं नव्हतं. पण हे सरळ म्हणाले, "हलतो. स्क्रू धरवत नाही."

"स्क्रू हवा कशाला? बूच घाला. बूच हलत्या हातानंच घालायचा असतो. होडी पाण्यात काय थाऱ्यावर असते?"

त्याने बूच ह्यांच्या हातात दिलं. एका टोकाला निमुळतं, दुसऱ्या टोकाला रुंद. हे होडीपाशी वाकले. हात थरथरत होता, पण बुचाचं बारीक टोक भोकात शिरलं आणि दाबत फिरवल्यावर घट्ट बसलं. ह्यांनी ते काढलं आणि पुन्हा घातलं. किती वेळा केलं असेल, मी मोजलं नाही. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्या पितळी नळ्या काढ."

दुपारभर काम चाललं. मी व्हॉल्व्हना नळ्या जोडल्या. ह्यांनी सांगितलं तसं नळीच्या टोकाला तेलात कालवलेलं कुंकू लावून वर झाकण दाबलं. आतून जिथे लाल ठिपका उठला, तिथे भिकाजीने गिरमिटाने बारीक भोकं गोलात पाडली आणि मधला तुकडा पटाशीने उडवून काठ कानशीने घासले. पहिल्या घावाला मी डोळे मिटून घेतले. ह्यांनी नाही मिटले. उलट "कानस तिरकी धरा, काठ फाटेल" असं सांगत शेजारी बसून राहिले, आणि भिकाजीनेही तशीच धरली. नळी आता झाकणाच्या भोकाशीच येऊन थांबली होती. हवा बघायला बूच काढलं की झालं.

बुचं भिकाजीने तासली, पण घातली नाहीत. "पयला बूच मालकाच्या हातचा. आमच्यात रीत हाय," म्हणून त्याने नारळ फोडला. ह्यांनी सगळ्या चाकांना बुचं घातली. भिकाजीच्या बायकोने घावन (तांदळाची जाळीदार धिरडी) आणि गूळ घातलेला नारळाचा रस आणून दिला. ह्यांनी स्वतः मागून दुसऱ्यांदा घेतला.

सकाळी मी चहा ठेवायच्या आत हे सगळ्या चाकांवरून फिरून आले होते. "मागच्या डाव्या आतल्यात कमी होती, मारली," असं त्यांनी सांगितलं, कामावरून आलेला माणूस सांगतो तसं. मला इतका आनंद झाला की मी चहात साखर दोनदा घातली. त्यांनी तो तसाच प्यायला.

पाली, आंबा घाट, कोल्हापूर असे परत आलो. वाटेत जिथे थांबू तिथे लोक वाकून बघायचे, कारण चकचकीत झाकणांतून लाकडी खुंट्या डोकावताना दिसत. गाडीला शोभा आली, असं मी म्हणणार नाही. इतकी गावं हिंडून मी काय शिकले म्हणाल तर इतकंच, की आपल्या माणसाचं दुखणं आपण झाकून झाकून अवघड करतो, आणि कोणी परका त्याचं नाव सहज घेतो तेव्हा निम्मं हलकं होतं.

पुण्यात आल्यावर चारच दिवसांत ते ट्रान्सपोर्टवाले गृहस्थ दारात हजर. ट्रंक कॉल कोणी रद्द केला नव्हता, आणि ह्यांच्या मनात काय आहे ते विचारायचा मला धीर झाला नव्हता. मी चहाच्या निमित्ताने आत गेले आणि खिडकीशी उभी राहिले.

"अरेरे," गृहस्थ म्हणाले, "एवढ्या सुंदर झाकणांना भोकं कोणी पाडली?"

"मी पाडून घेतली."

"असू द्या, गाडी छान आहे. कधी देताय?"

"तुमचा हात बघू," हे म्हणाले.

गृहस्थांनी गोंधळून हात पुढे केला. ह्यांनी तो आपल्या थरथरत्या हातात घेतला आणि नीट निरखून बघितला.

"नाही जमायचं हो," हे म्हणाले. "तुमचा अजिबात हलत नाही."