करवलीचं निळं पाणी

आमच्या रसायनतज्ज्ञांच्या संस्थेचं मावळ विभागाचं अध्यक्षपद माझ्याकडे आलं, तेव्हा मी बैठकीतून चहा सांगायला बाहेर गेले होते. परत आले तर ठराव झालेला. मी लटकं चिडून दाखवलं, पण खरं सांगायचं तर ते पद मला हवंच होतं. नवलाख उंबऱ्याजवळच्या कारखान्यात मी प्रयोगशाळा सांभाळते. माणसांना कामाला लावायची मला सवय आहे आणि हौसही.

संस्थेचं काम बिनपगारी. महिन्यातल्या एका रविवारी आम्ही चार-पाच जण बेगडेवाडी स्टेशनबाहेर जमतो, कुठल्या तरी गावच्या विहिरीचं पाणी बाटल्यांत भरून आणतो, तपासतो आणि अहवाल ग्रामपंचायतीला देतो. त्या बाटल्यांत एक बाटली शुद्ध पाण्याची असते, प्रयोगशाळेतूनच भरून नेलेली. विहिरीवर तिचं बूच उघडायचं, लावायचं आणि ती तशीच परत आणायची. तिच्यात काही सापडलं तर समजायचं की दोष विहिरीचा नाही, आपला आहे. आम्ही तिला करवली म्हणतो. सगळीकडे मिरवायचं, काम काही नाही.

गेल्या वर्षी आम्ही डोंगराकडेच्या एका वाडीवर गेलो. संस्थेच्या सेवा-सन्मानासाठी आमच्या विभागाचं नाव चर्चेत होतं, म्हणून वरिष्ठ मंडळी पाहायला येणार होती. बाटल्या जुनाट दिसत होत्या. आदल्या दिवशी मी त्या वराळ्याला घरी नेल्या आणि स्वतः घासून चकाचक केल्या. फोटो फार छान आले.

पाण्यात फॉस्फेट निघालं, तेही भरपूर. कपडे धुण्याच्या पावडरीत असतं ते. तपासताना पाण्यात औषध घातलं की ते निळं होतं, आणि आमच्या सगळ्या नळ्या निळ्याशार झाल्या. मी अहवालात लिहून टाकलं की बायकांच्या धुण्याचं पाणी विहिरीत झिरपतं आहे. करवली तपासायची राहिली, फ्रिजमध्येच पडून राहिली. अहवाल सन्मानाच्या मुदतीत पोचायला हवा होता ना!

सन्मान आमच्या विभागाला जाहीर झाला, अध्यक्ष म्हणून तो मीच घ्यायचा होता. घरी पेढे वाटले. तिकडे वाडीच्या विहिरीवर पंचायतीने पाटी लावली, ‘संस्थेच्या अहवालानुसार येथे कपडे धुण्यास मनाई’, आणि बायकांचा धुण्याचा दगड फोडायचं ठरलं. लोणावळ्यातल्या सन्मान-सोहळ्याच्या दुसऱ्याच दिवशी, सोमवारी. दगड गेला की त्या बायकांना धुणं घेऊन पार खालच्या ओढ्यापर्यंत उतरावं लागणार होतं, आणि ओल्या कपड्यांचं ओझं घेऊन चढ चढावा लागणार होता.

त्यांना नीट समजावून सांगावं म्हणून मी शनिवारी सकाळी वाडीवर गेले. समजावणं मला छान जमतं असा माझा समज आहे. एक वयस्कर मावशी दगडावर चादर आपटत होती. पहिल्या भेटीत तिनेच आम्हाला विहिरीवर नेलं होतं.

“मावशी, ही पाटी तुमच्या भल्यासाठीच आहे,” मी म्हणाले.

तिने चादर पिळली, झटकली, आणि मगच माझ्याकडे पाहिलं. “बाई, हीर कुटं हाय? वर. दगड कुटं हाय? खाली. पानी वर चढतं व्हय?”

मी जमिनीखालच्या झऱ्यांबद्दल बोलू लागले.

“आमी अडानी, ते न्हाई समजत,” ती म्हणाली. “पन आमच्या हिरीला कुनी घान म्हनलं न्हवतं आजवर. तुमी म्हनलात.”

मला राग आला. परत येताना गाडीत मी मनातल्या मनात तिला तीन वेळा उत्तर दिलं, आणि तिन्ही वेळा ते मलाच पटलं नाही. घरी न जाता मी कारखान्यात गेले. दुपारची प्रयोगशाळा रिकामी होती. फ्रिजमधून करवली काढली, नळीत पाणी ओतलं, औषध घातलं आणि खुर्चीवर बसून राहिले. पाणी निळं झालं.

करवलीसकट सगळ्या बाटल्या मी घरच्या धुण्याच्या पावडरीने घासल्या होत्या! दहा-दहा वेळा विसळल्या होत्या, मला वाटलं पुरे. पावडर काचेला चिकटून राहते, फॉस्फेटच्या बाटलीला ती लावायची नाही, हे मी कारखान्यात नव्या माणसाला पहिल्याच दिवशी दरडावून सांगते. माझी मला इतकी लाज कधी वाटली नव्हती.

रविवारी लोणावळ्याला कार्यक्रमाआधी सचिवांना गाठून सगळं सांगितलं. ते वडिलांच्या वयाचे, भले गृहस्थ. “अहो, होतं असं. आज सन्मान घ्या, संस्थेच्या मासिकाच्या पुढच्या अंकात आपण दुरुस्ती छापू.”

“सर, दगड उद्या फुटणार आहे. पंचायतीला पत्र आजच हवं, तुमच्या सहीचं.”

“आज? सगळे जमलेत. शोभतं का?”

माझं नाव पुकारलं गेलं. मी व्यासपीठावर गेले आणि शालीऐवजी माइक घेतला. पर्समधून करवलीची बाटली काढून टेबलावर ठेवली. “विहिरीत सापडलेलं फॉस्फेट माझ्या घरचं आहे,” मी म्हणाले. “सन्मान राहू द्या. मला सचिवांची सही हवी आहे.” सचिव उठले आणि त्यांनी तिथेच, हारांच्या तबकाशेजारी, सही केली. शाल तबकातच राहिली.

राजीनामा द्यावा, असं चहाच्या वेळी दोघांनी सुचवलं. मी साफ नाही म्हणाले. राजीनाम्याने माझी सुटका झाली असती, विहीर मात्र तशीच बदनाम राहिली असती. पुन्हा पाणी तपासायचं होतं, आणि या वेळी बाटल्या मी सांगेन तशाच धुतल्या जाणार होत्या. चूक माझी होती, पण काम मला येतं.

सोमवारी सकाळी पंचायत उघडायच्या आधी मी पत्र घेऊन दारात उभी होते. दगड वाचला. दुपारपर्यंत पाटीही निघाली.

पुढच्या रविवारी नव्या बाटल्या घेऊन आम्ही वाडीवर गेलो. बायका घोळक्याने विहिरीवर उभ्या होत्या. माझ्याकडून काय झालं ते मी सगळ्यांसमोर सांगितलं. करवलीचं काम काय, तेही सांगितलं. मावशीने शांतपणे ऐकून घेतलं. मग पदराला हात पुसून माझ्यापुढे धरला.

“मंग ती बाटली हिकडं द्या,” ती म्हणाली. “तुमच्यावर न्हाई सोडायची ती.”

मी दिली. त्या वेळी एकही नळी निळी झाली नाही, ना विहिरीची ना करवलीची. आता त्या विहिरीवर करवली मावशीच धरते, बूच तीच उघडते आणि तीच लावते. आणि तपासलीत का, असं विचारल्याशिवाय आम्हाला वाडीतून हलू देत नाही.