किल्ली बांच्या हातात

आमच्या गोडादऱ्यातला गाड्यांचा मिस्त्री गिऱ्हाइकांशी गुजराती बोले, माझ्याशी मराठी आणि इंजिनाशी अहिराणी. बॉनेट उघडलं की डोळे मिटून विचारायचा, "काय व्हयनं तुले?" मग बराच वेळ नुसता ऐकत राहायचा.

एकदा एका कापड व्यापाऱ्याचा मुलगा परदेशी स्पोर्ट्स कार घेऊन आला. इंजिनाला पेट्रोल किती द्यायचं हे ठरवणारा गाडीतला कॉम्प्युटर काढून त्याला जास्त जोराचा बसवून हवा होता. मिस्त्रीने एकेक वायर तपासत तो बसवला. गाडी अशी गुरगुरली की मी मागेच सरलो.

"आता हायवेने कामरेजपर्यंत उडवतो," म्हणत मुलाने हात पुढे केला.

मिस्त्रीने किल्ली खिशात टाकली. "ब्रेक जुनेच आहेत, शेठ. ते बदलेपर्यंत तुमच्या बांना शेजारी बसवून चालवा. आधी त्यांना घेऊन या."

मुलगा चिडला. मिस्त्री शांतपणे हात पुसत राहिला. शेवटी मुलगा रिक्षाने जाऊन आईला घेऊन आला. मिस्त्रीने दार उघडून त्यांना हळूच बसवलं आणि किल्ली त्यांच्या हातात दिली. हळू चालवायचं कबूल करून घेऊन त्यांनी ती मुलाला दिली आणि गाडी सायकलच्या वेगाने निघाली.

"ब्रेक बदलायला येईल का तो?" मी विचारलं.

"उद्याच येईल, भाऊ. एवढ्या खालच्या सीटवर बा दुसऱ्यांदा बसायच्या नाहीत."