शिवणीतली माया

दिगू गेल्याची बातमी मला वर्ध्याच्या बाजारात कळली. आर्वीहून आलेल्या एका ओळखीच्या गृहस्थांनी वांगी निवडता निवडता सांगितली; मला ठाऊक असेलच असे त्यांना वाटले होते. पिशवीतली वांगी मी परत टोपलीत ठेवली आणि घरी आलो... त्याला आता दीड-दोन महिने होतील. त्या दिवशी रडू आले नाही. ते नंतर आले, आणि आले ते एका कोटावरून.

दिगंबर आर्वीच्या तहसील कचेरीत कारकून, मी इथे वर्ध्याला शाळामास्तर. नागपुरात शिकताना एका खोलीत राहिलो तेव्हापासूनची दोस्ती. आमच्या जिल्ह्यात जो तो सूत काततो, मीही जाडेभरडे धोतर नेसून फिरायचो, आणि हा पठ्ठ्या भर वैशाखात निळ्या लोकरी सर्जचा सूट घालून बोहल्यावर उभा! मुंडावळ्यांखालून घाम नुसता वाहत होता. नवरदेव विरघळायच्या आत अक्षता टाका, असे मी भटजींना सांगितले, तर हा अंतरपाटाआडून हसला. कापडाचे त्याला वेडच होते. दुकानात गेला की कापडाचे टोक मुठीत चुरगळायचा, सोडायचा, आणि ते आपोआप उलगडले तरच ‘खरं हाय’ म्हणायचा. तो सूट शिवला होता आर्वीच्या उस्मानभाईंनी. आमची दोघांची अंगकाठी एक, त्यामुळे कोट मलाही बेतल्यासारखा बसे. पुढे मुलगी पाहायला जाताना मी खादी गुंडाळून ठेवली आणि त्याचाच कोट मागून नेला. ही गोष्ट त्याने माझ्या बायकोला किती वेळा ऐकवली असेल, देव जाणे.

मग त्याला क्षय झाला. नागपूरचे डॉक्टर झाले, सुया झाल्या, दूध-अंडी झाली. ताप हटायचा आणि फिरून यायचा. हिवाळ्यात त्याने कोट पेटीतून काढून घातला तर तो खुंटीवर टांगल्यासारखा अंगावर लोंबू लागला. आम्ही दोघे उस्मानभाईंकडे गेलो. माप घेताना आकडा मोठ्याने म्हणायची त्यांची सवय होती. त्या दिवशी टेप छातीभोवती फिरला, आणि ते काहीच बोलले नाहीत. कोट बारीक करतो म्हणाले, पण आत राहणारे जादा कापड कापावे लागेल, नाहीतर शिवण फुगेल.

“कापू नका,” दिगू म्हणाला. “माया राहू द्या आत. मी भरीन पुन्हा.”

शिंपी शिवणीत जे कापड राखून ठेवतो त्याला आपण माया म्हणतो, हे मला तोवर कधी जाणवलेच नव्हते. दिगू काही भरला नाही. दर हिवाळ्याला कोट आर्वीच्या त्या दुकानात जाई आणि शिवण थोडी आत सरके. आतली माया वाढत गेली आणि माणूस कमी होत गेला. आम्ही मात्र पुढच्या वर्षी तब्येत सुधारल्यावर काय काय करायचे त्याच्या गप्पा मारत असू. खोटे बोलायला दोघेही चांगले शिकलो होतो.

शेवटची भेट यंदाच्या दसऱ्यानंतरची. दुकानापर्यंत जाताना तो वाटेत दोनदा बसला. पोचल्यावर त्याने कोट उतरवून उस्मानभाईंच्या पुढ्यात ठेवला आणि म्हणाला, “आता कापून टाका. बोचते मले.”

उस्मानभाईंनी माझ्याकडे पाहिले. मी खाली पाहिले. ते कोट घेऊन आतल्या खोलीत गेले, आतून कात्रीचा आवाज आला. परतताना दिगू एवढेच म्हणाला की हलके वाटते आता. त्यालाही कळले होते, मलाही कळले होते.

तेरावे झाल्यावर दिगूच्या घरी गेलो, तेव्हा सुशीलावहिनींनी तो कोट पुढे केला. “भाऊजी, तुम्ही घाला. पेटीत कसर लागन.” माझा तर हातही बाहीत शिरेना. तसाच घेऊन उस्मानभाईंकडे गेलो. आता याचे काही होणार नाही हे माहीत असूनही गेलो. त्यांनी अस्तर उसवले. आत सगळे कापड होते, इस्त्रीने दाबून, बारीक टाके घालून बसवलेले.

“पण कात्री तर चालवली होती तुम्ही.”

“चिंधीवर चालवली, गुरुजी. त्याले आवाज ऐकाचा होता.” मग कोट मांडीवर धरून ते उसवलेले धागे एकेक वेचू लागले. “मले वाटे, होईन बरा...” तिथे मला रडू आले.

माया होती. तिचा उपयोग काही झाला नाही.

त्यांनी सगळ्या शिवणी सोडल्या. कोट आता मला नीट बसतो, लग्नात दिगूला बसला होता तसा. बाहेरचे कापड इतक्या वर्षांत विटून राखाडी झाले आहे, पण आत दडलेले जसेच्या तसे राहिले. त्यामुळे दोन्ही कुशींना काखेपासून खालपर्यंत एकेक गडद निळा पट्टा उमटला आहे, दिगू जेवढा झिजला तेवढ्याच रुंदीचा. धोब्याने डाग समजून ते घासून पाहिले. थंडी आहे म्हणून मी कोट घालतो, आणि हात खाली सोडून चालतो, म्हणजे पट्टे झाकले जातात. वर्गात फळ्यावर लिहायला हात वर केला की मात्र दिसतात.