विनीता हिंगमिरेच्या अर्जाला अनुमोदन

विनीता हिंगमिरे कायद्यानं नाव बदलायला निघाली, तेव्हा तिच्या आईनं, म्हणजे नंदाताईंनी, एकच अट घातली.

"कोर्टात जा, डॉक्टरांकडे जा, नेसायला हवी तर माझी साडी ने. पण मंडळाला सांगायचं ते मी सांगेन. माझ्या तोंडानं, मला जमेल तेव्हा. माझ्याच घरची बातमी मला लोकांकडून ऐकायची नाहीये."

विनीता जन्मली तेव्हा सगळ्यांनी मुलगा म्हणून पेढे खाल्ले होते, आणि शिकागोतल्या मराठी मंडळाच्या लेखी ती अजून मुलगाच होती. दोन वर्षं ती मंडळाकडे फिरकली नव्हती. कोणी विचारलं की नंदाताई म्हणायच्या, "चँडलरला असतो. ॲरिझोनात." मग "उन्हाळा कसाय हो तिकडे?" हा प्रश्न यायचाच, म्हणून त्या रोज टीव्हीवर ॲरिझोनाचं तापमान बघून ठेवायच्या. प्रत्यक्षात विनीता शिकागोतच, देशी दुकानांच्या डेव्हन ॲव्हेन्यूपासून दोन बसस्टॉपवर राहायची आणि एका लिफ्टच्या कंपनीत ड्रॉइंग काढायची.

सगळं सुरळीत चाललं होतं. मध्ये कायदा आला.

"इट्स जस्ट अ फॉर्मॅलिटी, हनी," वकीलबाई म्हणाल्या. त्या सगळ्यांनाच हनी म्हणायच्या, बेलिफालासुद्धा. तीन आठवडे पेपरात नोटीस छापायची: अमुक हिंगमिरे यापुढे विनीता हिंगमिरे होऊ इच्छितात, कोणाची हरकत असल्यास अमक्या दिवशी कोर्टात यावे. शिवाय अर्जाची फाईल, डॉक्टरांच्या पत्रासकट, काउंटरवर जाऊन कोणीही मागून वाचू शकणार.

"कोणीही?"

"एनीबडी, हनी. तुम्ही कुणापासून लपत नाही ना, हे कोर्टाला बघायचं असतं."

"पण मी लपतेच आहे. मंडळापासून."

वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं आणि आवाज उतरवून विचारलं, "आर दे आर्म्ड?"

मंडळाकडे काय काय हत्यारं आहेत हे विनीतानं तासभर समजावलं. शेवटी वकीलबाई म्हणाल्या की नोटीस काही टळत नाही, पण फाईल सील करा अशी विनंती जजला करू. कारण मात्र त्याला पटलं पाहिजे.

नोटीस छापून यायची होती ती त्या भागातल्या फुकट साप्ताहिकात. हा पेपर डेव्हनवरच्या दुकानांत दाराशी गठ्ठ्यानं पडलेला असायचा, आणि भाजीबरोबर प्रत्येक मराठी घरात जायचा. वाचायला नव्हे, मेथी निवडायला. पण मेथी निवडताना काकूंचे हात कामात असतात, डोळे मोकळेच असतात. आणि शिकागोच्या फोनबुकात हिंगमिरे एकच.

म्हणून पेपर यायच्या दिवशी, गुरुवारी, दुकान उघडायच्या वेळी विनीता सगळे गठ्ठे उचलायला मोठी पिशवी घेऊन हजर झाली. दाराशी पेपर नव्हते.

"अख़बार? वो तो खरवंडीकर साब ले गये, दीदी," दुकानदार नरेंद्रभाई म्हणाले. "पूरा गठ्ठा. बोले, पेंटिंग करवाना है, नीचे बिछाएँगे."

शेजारच्या मिठाईवाल्याकडे तेच. साडीवाल्याकडे तेच.

राजाराम खरवंडीकर हे मंडळाचे सेक्रेटरी. त्यांच्या कानावर पडलेली गोष्ट म्हणजे जाहीर झालेली गोष्ट. मागच्या गणपतीत आरती संपता संपता त्यांनी माइक हातात घेऊन, "आं... एक आनंदाची बातमी. आपले चारुदत्त देव यांचा मूतखडा काल पहाटे पडला. मंडळातर्फे त्यांचं अभिनंदन," असं सांगितलं होतं. देव समोरच बसले होते. लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्यामुळे त्यांना उठून नमस्कार करावा लागला.

"राजारामभाऊजींना कळलं?" नंदाताई फोनवर म्हणाल्या. "म्हणजे मिलवॉकीपर्यंत गेलं."

मायलेकी फोनची वाट बघत बसल्या. कुणाचाच आला नाही. दुसऱ्या गुरुवारीही गठ्ठे गायब झाले, तिसऱ्याही, आणि मंडळात चकार शब्द नाही. नंदाताईंचं जेवण कमी झालं. "साठवतोय तो," त्या म्हणायच्या. "दिवाळीला एकदम वाजवणार."

सुनावणीच्या दिवशी विनीता राखाडी सूट घालून आईला घेऊन डाउनटाउनच्या कोर्टात गेली. आत शिरते तर शेवटच्या बाकावर एक माणूस तोंडासमोर पेपर धरून बसलेला. पेपर तोच, फुकटचा. पेपराखाली खरवंडीकरांची चौकड्यांची पँट.

"ऐकायला आलाय मेला," नंदाताई पुटपुटल्या, आणि तितक्यात पेपर खाली आला.

"वहिनी?" राजारामकाकांचा चेहरा पिठासारखा झाला. "आं... तुम्ही इकडे कुठे?"

"पार्किंगचं तिकीट," नंदाताई म्हणाल्या. त्यांना गाडी चालवता येत नव्हती.

"माझंपण. माझंपण पार्किंगच," काका घाईघाईनं म्हणाले. "ह्या कोण?"

"भाची."

"छान, छान. नाक अगदी तुमच्यावर गेलंय."

काकांनी पुन्हा पेपर वर केला. तो उलटा होता.

विनीताच्या डोक्यात प्रकाश पडणार, एवढ्यात कारकुनानं तिचं प्रकरण पुकारलं. जुन्या नावानं पुकारलं, ठणठणीत. ते नाव इथे लिहिलेलं नाही. पाठीमागे पेपर जमिनीवर पडल्याचा आवाज झाला.

जज ओब्रायन म्हातारे होते आणि डोळे मिटून ऐकायचे. नाव बदलायला त्यांची काही तक्रार नव्हती. डॉक्टरांचं पत्र वाचून ते नुसते "हं" म्हणाले. फाईल सील करायचा मुद्दा आला तेव्हा मात्र त्यांनी एक डोळा उघडला.

"मिस हिंगमिरे, ह्या शहरात लाखो माणसं राहतात. तुमची फाईल वाचायला इथे कोण येणार आहे?"

"माझी कम्युनिटी, युवर ऑनर. आईला स्वतः सांगायचंय त्यांना. त्याआधी त्यांना कळायला नको."

"लोकांना आपापली कामं असतात," जज समजुतीच्या सुरात म्हणाले. "बरं. कोणाची काही हरकत?"

कोर्टात शांतता पसरली. आता, मंडळाच्या सभेत अध्यक्षांनी "कोणाची हरकत?" विचारलं आणि अशी शांतता पसरली, की राजारामकाका उठून अनुमोदन देतात. वर्षानुवर्षांची सवय. पिकनिकच्या जागेपासून हिशेबाच्या मंजुरीपर्यंत सगळ्याला त्यांचंच अनुमोदन. एकदा त्यांना खजिनदारपदावरून काढायचा ठराव आला, त्यालाही त्यांनीच दिलं होतं. ठरावाला अनुमोदक नसणं म्हणजे त्यांना घशात घास अडकल्यासारखं होई.

ते उभे राहिले.

"आं... युवर ऑनर," काका म्हणाले, "आय सेकंड द मोशन."

जजनी दुसराही डोळा उघडला. "सर, इथे सेकंड करत नसतात."

"तरीपण. राहिलं होतं ते."

"हे गृहस्थ कोण?"

"हीच ती कम्युनिटी, युवर ऑनर," विनीता म्हणाली.

जजनी काकांना पायांपासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "ह्या कुटुंबाबद्दल तुम्हाला काही माहिती आहे का, सर?"

हे विचारायला नको होतं. कारकुनाच्या टेबलावर माइकही होता. काका नकळत त्याच्याकडे सरकले आणि सुरू झाले. मिस्टर हिंगमिरे चार वर्षांपूर्वी गेले, हार्ट. त्याआधी बायपास, डाव्या बाजूला. घराचं कर्ज तेरा टक्क्यांनी घेतलंय, ते महाग पडलं, आपण तेव्हाच सांगितलं होतं. वहिनींना गुडघ्याचा त्रास आहे. मुलगा चँडलरला असतो, परवा तिकडे एकशेआठ...

तिथे त्यांचं विनीताकडे लक्ष गेलं आणि ते थांबले. राजारामकाका वाक्याच्या मध्येच थांबलेले नंदाताई पहिल्यांदाच बघत होत्या.

"नाव मंजूर," जज म्हणाले. "फाईल सील. आजच, जेवणाच्या सुट्टीआधी."

वकीलबाई हळूच म्हणाल्या, "ओह, हनी. आता समजलं मला."

त्या तिघी दाराशी पोचतात तोच पुढचं प्रकरण पुकारलं गेलं. राजाराम भिकाजी खरवंडीकर, नवीन नाव रॉजर कार्व्हर. नंदाताई जागीच वळल्या. कोणा समीरला 'सॅम' म्हटलं म्हणून मंडळाच्या पोरांना भर सभेत झापणारे हेच ते गृहस्थ.

काकांची बाजू अशी होती की ते संध्याकाळी फोनवरून इन्शुरन्स विकतात, आणि खरवंडीकर संपेपर्यंत गिऱ्हाईक फोन ठेवतं. नाव मिळालं. मग ते घसा साफ करून म्हणाले, "आं... युवर ऑनर, माझीपण फाईल सील. सेम कम्युनिटी."

"कम्युनिटी तुम्हीच आहात असं मला सांगण्यात आलंय," जज म्हणाले. "नामंजूर."

बाहेर कॉरिडॉरमध्ये काका भिंतीला धरून चालत आले. "वहिनी, ते सगळे पेपर माझ्या नोटिशीसाठी उचलले हो. शपथेवर. तुमची त्यात आहे हे मी बघितलंसुद्धा नाही."

दुसऱ्याची बातमी राजारामकाकांच्या नजरेतून सुटली, यावर नंदाताईंचा विश्वास बसायला जरा वेळ लागला. मग त्यांनी बाकाकडे बोट दाखवलं.

"बसा इथे, भाऊजी. आत ऐकलंत ते धरायचं नाही. ती फाईल आता बंद झाली. सांगायचं ते मी सांगणार होते, आणि तुमच्यापासूनच सुरुवात करते."

"मला?" काका बसले. त्यांना आजवर कोणी मुद्दाम बसवून काही सांगितलं नव्हतं, सगळं त्यांनाच जाऊन काढावं लागायचं. त्यांनी हात गुडघ्यांवर ठेवले. "सांगा."

नंदाताईंनी पदर सारखा केला. विनीता त्यांच्याकडे बघत होती. मग त्यांनी तिचा हात धरून तिला पुढे ओढलं.

"ही भाची नाही. ही माझी मुलगी. विनीता."

राजारामकाकांनी एवढ्या हळू आवाजात आयुष्यात काही म्हटलं नसेल.

"हो का, वहिनी?" ते म्हणाले. "मला कल्पनाच नव्हती."