कोतवाल हाजर

काशीबाईच्या ओटीवर शांती कागद पसरून बसली. पेणहून होडीनं आली होती. कुठल्या गावात सरकार किती पोचलंय, ते ती मोजत फिरायची. शाळा, पोस्ट, दवाखाना, असे नऊ प्रश्न.

"पल्याडच्या निडी गावाला किती झालं गो?" शेजारच्या हौसानं विचारलं.

"सात."

"सात! आनि आमचं?"

"आठ विचारले, आठांनाही 'नाही'. सगळ्यात कमी तुमचंच. नववंही 'नाही' निघालं, तर नर्सबाई आधी तुमच्या गावाला."

हौसाची सून दाराला टेकून ऐकत होती. सातवा महिना. मागच्या खेपेला होडी पेणला लागायच्या आतच मूल गेलं होतं.

"नववं काय?" काशीबाईनं विचारलं.

"गावात राहणारा सरकारी माणूस. जुन्या यादीत कोतवाल दिसतोय. आहे?"

"हाय."

"काशे," हौसा हळूच म्हणाली, "अकरा वर्सं झाली गो."

अकरा वर्षांपूर्वी अमावस्येच्या उधाणात, भरदुपारी, कोतवाल ओरडत बांधावर धावला. मिठागरातली माणसं वर आली, तो आला नाही. देहही सापडला नाही. काशीबाईनं कुंकू पुसलं नाही. खुंटीवरचा त्याचा पितळी बिल्ला ती अजून चिंचेनं घासायची.

तहसिलात नाव पुकारलं की तो ताठ उभा राहून "हाजर" म्हणे. सवय अशी मुरली, की आईनं जेवायला हाक मारली तरी "हाजर". गाव हसायचं. आता मात्र त्याचं नाव कुणी घेत नव्हतं. गावातल्या केरूनं एकदा बांधावर चुकून घेतलं, आणि आठ दिवस तापानं फणफणला. काय ऐकलं, ते त्यानं सांगितलं नाही. काशीबाईचा तर प्रश्नच नव्हता. नवऱ्याचं नाव तिनं जन्मात घेतलं नव्हतं.

"यादीतून खोडायचं तर घरच्या माणसाला नाव सांगावं लागतं, मावशी," शांती म्हणाली.

काशीबाईनं हौसाच्या सुनेकडं पाहिलं. पाणी बांधाला लागत होतं. आज अमावस्याच होती.

"काळुराम," ती म्हणाली.

"हाजर."

बांधाकडून आलं. स्वच्छ. शांतीचा पेन थांबला. हौसानं सुनेला आत ओढलं.

काशीबाईनं खुंटीवरचा बिल्ला काढून मुठीत घेतला.

"तू 'नाय' लिव गो," ती पायरी उतरत म्हणाली. "त्यांला मी सांगते."