बाराव्या चॅनेलचा मान

सकाळचे सहा चाळीस. गुरुवार. जावा बेटावरच्या सोलो शहरातल्या जुन्या नाट्यसंस्थेच्या उघड्या सभामंडपात रेत्नोनिंग्रुम फरशीवर बसून लॅपटॉपकडे बघते आहे. पडद्यावर तांबडा आकडा आहे: १०३.

ध्वनी-प्रोसेसरवर पडलेल्या कामाचा हा आकडा. सोळा मायक्रोफोनमधून येणारा आवाज ते यंत्र तासतं, उजळतं, वाटून देतं. त्यातल्या प्रत्येक कामाला त्याच्या ताकदीचा थोडा हिस्सा लागतो. बेरीज पंच्याण्णवच्या वर गेली की यंत्र अख्खी मांडणीच नाकारतं.

काल तिने चौऱ्याण्णववर काम भागवलं होतं. मागच्या अंगणातल्या स्पीकरला आवाज जरा उशिरा द्यायचं काम तेवढं बसलं नाही. अंगण पन्नास मीटर लांब. मंडपातून खरा आवाज तिथे पोचायला सेकंदाचा सातवा भाग लागतो, आणि स्पीकर त्याआधीच बोलून मोकळा होतो. त्यामुळे मोठा गाँग, म्हणजे टांगलेली, मधे फुगवटा असलेली काशाची भली मोठी थाळी, तिथे दोनदा वाजला, आणि दोन्ही वेळा लगेच विझला. संस्थेचे सचिव हेंद्रार्तो, इथल्या आदराच्या बोलीत पाक हेंद्रार्तो, म्हणाले, "उद्या दहापर्यंत जमवा. नाही जमलं तर शुक्रवारच्या वर्धापनदिनाला गाँगचं रेकॉर्डिंग लावू."

तसं झालं तर म्बाह पाद्मो, सगळ्यांचे पाद्मो आजोबा, गाँगशेजारी नुसते बसतील. वय एक्क्याऐंशी. हा गाँग ते त्रेपन्न वर्षं वाजवताहेत.

आल्याचा चहा घेऊन तेच आले. "किती झाले?"

"एकशे तीन, म्बाह."

"माझ्यापेक्षा बावीस जास्त. दमलं असेल ते."

"दमलं नाही, अडून बसलंय. उशिराचे नऊ टक्के घातले की रुसतं."

"मग कुणाचं तरी काढ. सगळ्यात जास्त कोण खातं?"

रेत्नो जरा घुटमळली. "बारावं चॅनेल. आपले क्याई गुमुरुह. चौदा टक्के." 'क्याई' या आदराच्या उपाधीसह गाँगचं नाव घेताना तिचा आवाज आपोआप खाली आला. इथे वाद्यांना ओलांडून कुणी जात नाही, आणि क्याईंपुढे दर गुरुवारी ताजी फुलं ठेवतात. "शिट्टी रोखणारे दोन-दोन पहारेकरी बसवलेत त्यांच्यावर. इतरांना एकेकच."

"का?"

"मान म्हणून."

म्हातारा हसला. "अन् हे पहारेकरी करतात काय?"

"एकच सूर लांबत राहिला की स्पीकरची शिट्टी समजून दाबून टाकतात."

"आणि क्याई काय करतात, पोरी?"

रेत्नोने गाँगकडे पाहिलं. एकच सूर लांबवत राहणं, हेच तर क्याईंचं काम. अकरा वर्षं ती हे यंत्र मांडते आहे, आणि हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता.

तिने बाराव्या चॅनेलवरचं सगळं काढलं. उरली फक्त आवाजाची पातळी. पहारा गेल्यावर खरी शिट्टी येऊ शकत होती, म्हणून मायक्रोफोन स्पीकरपासून दूर, गाँगच्या फुगवट्याजवळ सरकवायला हवा होता. वाद्यांच्या तीन रांगांना वळसा घालून तिने तो सरकवला. परत येऊन अंगणाचा उशीर घातला. आकडा हिरवा झाला: ८९.

दहाला दहा कमी असताना सचिव अंगणाच्या शेवटच्या बाकावर बसले, मनगटावरचं घड्याळ समोर धरून. म्बाह पाद्मोंनी कापड गुंडाळलेला दांडका उचलला आणि गाँगवर एकदाच मारला. टोला जोराचा नव्हता.

आवाज आधी बाकात शिरला, मग छातीत, आणि कानाला शेवटी कळला. एकच आवाज. तो थांबला नाही. सावकाश फुगला, ओसरला, पुन्हा फुगला. प्रचंड मोठं काहीतरी जमिनीखाली श्वास घेत असावं तसा. झाडणारी बाई झाडू धरून उभी राहिली. स्वयंपाकघरातल्या भांड्यांचा आवाज बंद झाला. पन्नास मीटरवर माणसाच्या हाताचा एक टोला अख्ख्या अंगणाला लाटांवर उचलत होता, आणि यंत्र त्याला फक्त वाट देत होतं.

सचिवांनी मोजलं: अठरा सेकंद. काल दोन होते.

"पाक, रेकॉर्डिंग?" रेत्नोने मंडपातून ओरडून विचारलं.

"कसलं रेकॉर्डिंग?" ते म्हणाले, आणि डोळे पुसायला चष्मा काढला. म्बाह पाद्मो दांडक्याचं कापड घट्ट करत होते. "धूळ फार आहे हो अंगणात," सचिव म्हणाले.

उद्या, शुक्रवारी, यंत्र सहा चाळीसला सुरू होईल, बाराव्या चॅनेलवर पातळीखेरीज काहीही नसेल, आणि पहिला टोला नऊ वाजता पडेल.