बनुबाईंच्या लोणच्याचा डबा

कराडच्या मंडईमागच्या बोळात इलियासचं दुकान आहे. डबे, बादल्या, नरसाळी, पत्र्याचं काहीही सांगा, तो करून देतो, आणि वर चार शब्द सुनावतोही. हट्टी म्हणावा तर त्याच्यासारखा तोच. डाख दिल्याशिवाय डबा गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा नाही, हा त्याचा बाणा. पत्र्याच्या दोन कडा एकमेकींत अडकवून पक्की घडी मारली, तरी वितळलेलं कथील त्या सांध्यावर फिरवल्याशिवाय त्याला चैन पडत नसे.

पाटणकडच्या बनुबाईंना डबा हवा होता तो लोणच्यासाठी. नातू जयराज फौजेत. सुट्टी संपवून निघाला की त्याच्या ट्रंकेत आजीचं कैरीचं लोणचं हवंच. काचेची बरणी प्रवासात फुटते, प्लास्टिकचं झाकण तेल सोडतं, आणि साध्या पत्र्याला मीठ नि आंबट मिळून खाऊन टाकतात. म्हणून इलियासने सांगलीच्या मुजीबशेठकडून नव्या तऱ्हेचा पत्रा आणला. बाहेरून कल्हईचा, चकचकीत. आतून सोनेरी लेप दिलेला. लोणचं लेपाला लागणार, लोखंडाला नाही.

मुजीबशेठने बजावलं होतं, "आतल्या लेपाला आच लागू देऊ नका. घडीत ही रबराची पेस्ट भरायची, ठोकून घट्ट करायची, बास."

इलियासने मान डोलावली, आणि दुकानात येऊन डाख दिला. म्हातारीचा डबा गळला तर तोंड कुठे दाखवायचं? सांध्यापाशी आतला सोनेरी रंग करपून तांबूस झाला. त्याला तो धुराचा डाग वाटला. पुसून बघितला, निघेना, तेव्हा सोडून दिला.

पुढच्या वर्षी बनुबाई बाजाराला आल्या तेव्हा त्याने मुद्दाम हाक मारून विचारलं, "मावशी, लोणचं कसं टिकलं?"

"लय ब्येस," त्या म्हणाल्या, आणि त्याच्या बायकोच्या, सुरय्याच्या हातात कढीपत्त्याची जुडी ठेवून निघाल्या. इलियास दोन दिवस मिशीतल्या मिशीत हसत होता.

खरं बाहेर पडलं ते जयराजच्या तोंडून. मागच्या उन्हाळ्यात तो सुट्टीवर आला आणि आजीला घेऊन दुकानात आला. पोरगं अगदी सरळ मनाचं. "चाचा, डबा लय मजबूत हाय तुमचा. बुटाच्या पॉलिशचं समदं सामान त्यातच ठिवतो."

"आन् लोणचं?"

जयराजने आजीकडे बघितलं. आजी रस्त्याकडे बघू लागली.

"काळं पडलं हुतं, चाचा. सांध्याकडनं. लोखंडावानी लागाय लागलं, म्हणून टाकलं."

इलियासने हातातली हातोडी खाली ठेवली. काम बिघडल्याचं वाईट वाटलंच, पण बनुबाईंनी ते इतके दिवस पोटात ठेवलं, हे त्याला जास्त लागलं. "मावशी, डाख मी दिला. शेठ नगं म्हणला हुता. माझ्याच्यानं राहवलं न्हाई."

"मग काय झालं? गळू नये म्हणूनच दिलास न्हवं?" बनुबाई म्हणाल्या. "दुसरा कर."

त्याने दुसरा केला. घडी, पेस्ट, वर हातोडीचे हलके ठोके, बस्स. पाणी भरून डबा कागदावर ठेवला. सकाळी कागद कोरडा ठणठणीत. तरी याचा हात आपला शेगडीकडे वळतच होता. शेवटी सुरय्याने डाख द्यायचं लोखंड उचललं आणि आत नेऊन ठेवलं. "आता गप बसा जरा," ती म्हणाली.

डबा न्यायला बनुबाई आल्या, तर हा देईना. "आमच्या घरचं लोणचं यात वरीसभर ठिवून बघतो, मावशी. काळं न्हाई पडलं, तर फुडल्या सुट्टीला न्या."

"फुडल्या वर्साला लोणचं घालाय मी आसंन का, ते सांग आधी."

त्या हसत म्हणाल्या. इलियासने डबा पुढे केला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याच्या हातून बिनडाखाचा डबा दुकानाबाहेर गेला, आणि पुढे कित्येक दिवस त्याच्या मनातून तो जाईना.

थंडीत बनुबाई वारल्या. इलियास मातीला गेला. जयराजला वेळेत पोचता आलं नाही. लांबच्या चौकीवर तो बर्फात अडकला होता.

परवा त्याचा फोन आला. इलियासला आधी आवाजच ओळखू येईना.

"चाचा, तुमच्या डब्यात आजीचं लोणचं हाय अजून. निम्मं उरलंय. जरासुदिक काळं न्हाई पडलं." मग तो थांबला. "किती दिस टिकंल वो?"

डब्याची खात्री इलियासने हजारदा दिली असेल, तीही छातीठोक. आज मात्र त्याने आवाज हळू केला.

"टिकंल, बाळा. चमचा कोरडा घाल," तो म्हणाला. आणि मग एकदम ओरडलाच, "पर जपून ठिवू नगंस रं! खा! म्हातारीनं ते तू खावंस म्हणून घातलंय."